जोत्याखालचं पुणे: शनिवार पेठेतल्या वाड्याच्या पोटात काय असतं?

ज्यांना लोकलमध्ये, बसमध्ये इअरफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा आपल्या ताज्या भागाचा मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हिडिओ कॉलपासून करतो. माझा मावसभाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो. मागच्या वर्षी त्यानं तिथे जुनं घर घेतलं. एका रविवारी त्याचा फोन आला तेव्हा तो चक्क घराखाली होता. डोक्याला टॉर्च, अंगावर प्लास्टिकचा डगला, आणि पोटावर सरपटत चाललाय. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "क्रॉल स्पेस. इथली घरं लाकडाची असतात ना, ती जमिनीवर थेट टेकत नाहीत. खाली दोन-तीन फुटांची पोकळी असते. वर्षातून एकदा तरी इथे शिरून बघावं लागतं, नाहीतर वरचं घर गेलंच म्हणून समज."

माझ्या शेजारी आजी बसली होती. वय त्र्याऐंशी, सगळा संसार शनिवार पेठेतल्या एकाच वाड्यात. तिनं चष्मा वर केला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे आपलं तळघरच की. आम्ही पण उतरायचो. तुम्ही लोकांनी बंद करून टाकलंत ते."

"तुम्ही लोकांनी" यात माझे बाबा, काका आणि थोडासा मीही आलो. कारण ज्या वर्षी ते बंद झालं त्या वर्षी मी शाळेत होतो आणि राडारोड्याच्या पाट्या ओतायला मीही मदत केली होती. मजा वाटली होती तेव्हा. आज त्या मजेचा हिशोब मांडायचाय.

भुयार, भुयार आणि भुयार

पुण्यात जमिनीखाली म्हटलं की पहिली गोष्ट येते ती भुयाराची. शनिवारवाड्यातून थेट पर्वतीला निघणारं गुप्त भुयार, त्यातून घोडेस्वार जायचे वगैरे. पेठेतल्या प्रत्येक मुलानं ही गोष्ट ऐकलेली असते, आणि ती सांगणाऱ्याच्या एखाद्या काकांनी ते भुयार स्वतः बघितलेलं असतं.

खरं भुयार आहे, पण ते पाण्याचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला ओढ्यावर बांध घालून तलाव केले गेले. एका तलावात गाळ खाली बसायचा आणि त्यातलं वरचं निवळ पाणी पुढच्या तलावात जायचं. तिथून दगड-विटा-चुन्यात बांधलेल्या, जमिनीखालच्या नळानं ते शहरात यायचं. बरेच ठिकाणी त्याची उंची इतकी की माणूस आत चालू शकेल. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. हे पाणी शनिवारवाड्यात यायचं आणि पेठांमधल्या हौदांनाही मिळायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं आजही पत्त्यांमध्ये आहेत.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उच्छ्वास. ठरावीक अंतरावर नळापासून वर जमिनीपर्यंत बांधलेली ही उभी धुराडी. त्यातून आत कोंडलेली हवा बाहेर पडायची, आणि गाळ साचला तर माणूस तिथूनच खाली उतरायचा. नावच बघा, उच्छ्वास. बांधणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं की ही वस्तू श्वास घेणार, तुंबणार, आणि कुणालातरी आत जाऊन बघावं लागणार. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहितानाच लॉग बघायची सोय केलेली.

हे डोक्यात ठेवा. आता नळावरून वाड्याकडे येऊ. कारण वाड्याच्या खालचा भागही याच विचारानं बांधलेला असतो.

शनिवारवाड्यात आपण बघतो ते काय?

शनिवारवाड्याचं बांधकाम १० जानेवारी १७३० ला सुरू झालं आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. खर्च १६,११० रुपये. हे आकडे आपण सहलीच्या वेळी ऐकतो आणि विसरतो. मग २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, ती आठवडाभर धुमसत राहिली, आणि लाकडाचे मजले, दिवाणखाने, महाल सगळं गेलं.

दिल्ली दरवाज्यातून आत शिरल्यावर पहिल्यांदा येणारे लोक जरा हिरमुसतात. "वाडा कुठाय?" हिरवळ आणि तिच्यात दगडी चौथरे. त्या चौथऱ्यांना म्हणतात जोतं. वाड्याचं सगळं वरचं गेलं, आणि जे उरलं ते खालचं. जोती, कारंज्यांचे हौद, पाणी वाहून नेणाऱ्या वाटा. १९१९ मध्ये शनिवारवाडा संरक्षित स्मारक झाला, तिथली कचेरी हलली, आणि पुढच्या काही वर्षांत माती उपसून हे अवशेष मोकळे केले गेले. म्हणजे आपण तिकीट काढून बघतो ते पेशव्यांच्या घराचं जोतं.

सामान्य माणसाचा वाडाही याच पद्धतीचा, फक्त आकारानं लहान. खाली काळ्या दगडाचं दोन-तीन फूट उंच जोतं. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही. त्याच्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि खांबांच्या मधल्या भिंती विटा-मातीच्या. वजन मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर, भिंती बऱ्याचशा पडद्यासारख्या.

आता खांबाचा पाय नीट बघा. तो जमिनीत पुरलेला नसतो. तो एका घडीव दगडावर उभा असतो, त्याला तळखडा म्हणतात. आपण ओसरीवर बसून गप्पा मारतो तेव्हा पाठ टेकतो ना, त्या खांबाच्या बुडाशी असलेला तो दगड. मला लहानपणी वाटायचं की ती नक्षी आहे. तो नक्षीसाठी नाही. जमिनीतला ओलावा लाकडापर्यंत पोचू नये म्हणून तो आहे.

ओलावा वर का चढतो? स्पंजचं टोक पाण्यात बुडवा, पाणी आपोआप वर येतं. विटा, माती, चुना यांच्यात अशीच बारीक छिद्रं असतात. पाणी चढतं, भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन वाळतं, आणि सोबत आणलेले क्षार तिथेच सोडतं. ते पांढरं भुरभुरीत येतं त्याला आपण लोणा म्हणतो. "भिंतीला लोणा लागलाय" हे वाक्य पेठेत वाढलेल्या प्रत्येकानं ऐकलंय. माती आणि चुन्याच्या गिलाव्यातून हा ओलावा खालच्या खालीच उडून जातो. गिलावा खराब होतो, तो दोन-चार वर्षांनी बदलायचा. गिलाव्याची झीज झाली तरी चालते, आतला खांब वाचतो.

आमच्या वाड्यात माजघराखाली तळघर आहे. सहा-सात पायऱ्या, आत वाकून चालावं लागेल एवढी उंची. एका कोपऱ्यात बळद, म्हणजे धान्य साठवायची कोठी. जोत्याच्या चौकाकडच्या बाजूला दोन झरोके, वीतभर रुंद. पावसाळ्यात आजी आणि तिच्या सासूबाई त्या झरोक्यांना फळ्या लावायच्या, शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून. दसरा झाला की फळ्या काढायच्या. तळघर रिकामं करायचं, झाडायचं, कडुलिंबाचा पाला टाकायचा, मग नवं धान्य भरायचं. आजीला कुणी मेंटेनन्सचं कॅलेंडर दिलं नव्हतं. सणाच्या आधी घर झाडायचं, त्यात तळघर आलं, एवढंच.

मग ते शत्रू कधी झालं?

इथून गोष्ट जरा गंभीर होते. घराखालच्या जागेवर गेल्या सव्वाशे वर्षांत एकामागून एक घाव पडले.

पहिला प्लेगचा. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग भडकला. रँडच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरले, सामान बाहेर काढलं, जंतुनाशकं ओतली, चुना फासला. त्या काळात अधिकाऱ्यांचा समज असा की रोगाचं विष घाणीत आणि ओल्या, अंधाऱ्या जमिनीत मुरलेलं असतं. त्यामुळे मुंबई-पुण्यात रोग निघालेल्या घरांतल्या मातीच्या जमिनीही उकरल्या गेल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या इतिहासात आपण गोळीबद्दल खूप बोलतो. पण घरातली जागा कोणती, कुठे शिरायची, काय उकरायचं, हेही त्यात होतं. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवलं, आणि तेही मान्य व्हायला बरीच वर्षं लागली. पण धान्य आणि अंधार म्हणजे उंदीर हे समीकरण पक्कं झालं. तळघर म्हणजे रोगट जागा, अशी भीती घराघरांत बसली.

दुसरा घाव पाण्याचा. बुधवार, १२ जुलै १९६१. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आदळलं आणि तेही फुटलं. मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, त्यात शनिवार, नारायण, कसबा सगळ्या आल्या.

आजी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिची गोष्ट मी अनेकदा ऐकलीय, पण या भागासाठी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पाणी समोरून आलंच नाही रे. आधी खालून आलं. तळघराच्या पायरीवर पाणी चढताना दिसलं, एक पायरी, मग दुसरी. मामंजी म्हणाले, आता निघायचं. अंगावरच्या कपड्यानिशी निघालो."

सदाशिव पेठेत तिचं माहेर, तिथे सगळे गेले. परत आले तेव्हा ओसरीवर गुडघाभर चिखल. शेजारचे दोन वाडे बसले होते. विटा-मातीच्या भिंती पाण्यात भिजून मऊ झाल्या आणि पाण्याचा आधार गेल्यावर खचल्या. आमचा सांगाडा उभा राहिला, दोन भिंती गेल्या. खडकवासलाच गेल्यामुळे शहराला नळाचं पाणी नाही. लोक जुन्या विहिरींवर आणि आडांवर गेले. ज्या जमिनीखालच्या गोष्टींना लोकांनी मोडीत काढलं होतं त्या त्या दिवसांत उपयोगी पडल्या.

पण तळघरांचं काय झालं? ती गाळानं भरली. ज्यांच्यात ताकद होती त्यांनी उपसली. अनेकांनी गाळावरच माती टाकून फरशी घातली. आमच्या घरच्यांनी अर्धं तळघर उपसलं, अर्धं तसंच सोडलं. बळदात नंतर कधी धान्य भरलं नाही.

तिसरा घाव कायद्याचा, आणि हा हळूहळू लागला. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. युद्धानंतर घरं मिळत नव्हती, भाडेकरूंना रस्त्यावर यावं लागू नये म्हणून भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण धरलं. हेतू चांगला होता आणि लाखो लोकांना त्यानं छप्पर दिलं. आमच्या वाड्यातली तीन भाडेकरू कुटुंबं आमच्याच घरातली होऊन राहिली. पण महिन्याला दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक चुन्याचा गिलावा कसा करणार? आणि घर आपलं नाही तर भाडेकरू तरी खर्च का करेल? छप्पर गळलं तर निदान सगळे भांडून का होईना कौलं फिरवायचे, कारण पाणी डोक्यावर पडायचं. तळघरात काय चाललंय ते कुणाच्याच डोक्यावर पडत नव्हतं. ते कुणाचंच काम राहिलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला टेक्निकल डेट म्हणतो. आज काम टाळलं की ते कर्जासारखं वाढत जातं, आणि हप्ता भलत्याच माणसाला भरावा लागतो.

चौथा घाव आम्ही घातला

मी सातवीत असताना घरात थोडे पैसे आले. बाबा आणि काका म्हणाले, एकदा नीट करून टाकू. माजघरातली शहाबादी फरशी काढून चकचकीत टाइल्स घातल्या. ओल दिसते म्हणून भिंतींना खाली चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. निघालेल्या राडारोड्याचं काय करायचं? तळघर होतंच. ओतला सगळा. झरोके विटा लावून बुजवले, उंदीर येतात म्हणून. चौकात सिमेंटचा कोबा केला आणि तो करताना उतार जरासा चुकला. जुनी दगडी फरशी पाणी मोरीकडे नेत होती, नवा कोबा ते जोत्याकडे आणू लागला.

दोन वर्षं घर फार छान दिसलं. पाहुणे कौतुक करायचे.

मग लोणा परत आला, आणि या वेळी पाच फुटांवर, सिमेंटच्या गिलाव्याच्या वर. आम्ही म्हणालो, अजून वर गिलावा करू. केला. तो सहा-साडेसहा फुटांवर आला. आता यामागचं कारण मला कळतं. पाण्याला बाहेर पडायची वाट सिमेंटनं बंद केली, म्हणून ते वाट मिळेपर्यंत वर चढत राहिलं. जमिनीवर टाइल्स, त्यामुळे तिकडूनही वाफ निघेना. सगळा ओलावा भिंतीतून आणि भिंतीत दडलेल्या लाकडातून. तळखडा खांबाला खालून वाचवतो, पण बाजूनं ओली भिंत चिकटली तर तो काय करणार?

तीन वर्षांपूर्वी एका रात्री माजघरात आवाज झाला. कट्‌ असा, मोठा नाही. सकाळी बघितलं तर एका तुळईजवळ बोटभर फट. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांची यादी करते, नोटिसा देते. तशी नोटीस आपल्याला येणार हे सगळ्यांना दिसू लागलं.

तुम्ही म्हणाल, मग पाडा आणि नवं बांधा. पेठेत सगळे तेच करतायत. पण आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. २०१० मध्ये केंद्र सरकारनं पुरातत्त्व कायद्यात दुरुस्ती केली. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, पुढच्या दोनशे मीटरमध्ये नियंत्रण. दुरुस्ती करता येते, त्यासाठीही परवानगी काढावी लागते. शनिवारवाड्याभोवतीची कितीतरी कुटुंबं या कात्रीत आहेत. स्मारक जपलं पाहिजे हे मला मान्य आहे, पण पडायला आलेल्या घरात झोपणाऱ्या माणसाला ते रात्री दोन वाजता पटत नाही हेही खरं. काका तर म्हणाले, "पेशव्यांचं जोतं वाचवायला आमचं जोतं खचवा."

थोडक्यात, पाडायचा पर्याय नव्हता, म्हणून दुरुस्ती. आणि दुरुस्ती म्हटल्यावर जुन्या वाड्यांची कामं केलेल्या इंजिनिअर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खाली काय आहे?"

पुन्हा पायऱ्या उतरताना

तळघर उघडायला चार दिवस लागले. झरोके आधी फोडले, आणि मग एक पूर्ण दिवस कुणालाही आत जाऊ दिलं नाही. हे नीट ऐका, कारण यात जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या जागेत प्राणवायू कमी असू शकतो. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेले खड्डे. तिथली माणसं पेव उघडल्याबरोबर आत उतरत नाहीत, आधी आतली हवा बदलू देतात. (२००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाणी शिरून निकामी झाली, तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.) नियम सोपा आहे. बंद तळघर, पाण्याची टाकी, जुना आड, काहीही असो, हवा खेळल्याशिवाय उतरायचं नाही, आणि एकट्यानं तर कधीच नाही.

मग मी उतरलो. ज्या राडारोड्याच्या पाट्या मी ओतल्या होत्या त्याच पाट्या भरून वर दिल्या. मधेच माझ्याच जुन्या चपलेचा तुकडा सापडला.

राडारोडा ओला होता, आणि त्यातून वाळवीच्या मातीच्या नळ्या थेट तुळईपर्यंत गेल्या होत्या. दोन खांबांचे पाय पेचकसनं टोचले तर पेचकस लोण्यात जावा तसा आत गेला. पण पुढचं दृश्य मी विसरणार नाही. तळघराचा १९६१ नंतर उपसलेला आणि आम्ही न बुजवलेला जो छोटा कोपरा होता, तिथला खांब ठणठणीत होता. तेच सागवान, तेच वय, तोच पूर. फरक एवढाच की त्याच्या आजूबाजूला हवा होती.

आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, "वाडा जुना झाला हो, किती दिवस टिकणार?" वय सगळ्याच खांबांचं सारखं होतं.

काम पाच महिने चाललं. जॅक लावून तुळया उचलून धरल्या, खांबांचे कुजलेले पाय कापून त्याच जागी नवीन सागवान सांधलं, तळखडे तेच ठेवले. सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला. चुना मळणारा गवंडी शोधायलाच महिना गेला. कोब्याचा उतार मोरीकडे वळवला, पन्हळीचं पाणी जोत्यापासून लांब सोडलं. झरोक्यांना उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बसवली. फुकटात झालं नाही. मी आणि चुलतभावानं कर्ज काढलंय, आणि भाडेकरूंपैकी दोन घरांनी आपापला वाटा दिला. तिसऱ्यांशी बोलणं अजून चालू आहे.

मावसभावाला फोटो पाठवले तर त्यानं विचारलं, "खाली प्लास्टिक नाही टाकलंस? आम्ही झरोके बंद करून सगळीकडे जाड प्लास्टिक घातलंय." त्याच्याकडे ते बरोबर आहे. तिकडे उन्हाळाच दमट असतो. बाहेरची गरम ओली हवा खालच्या गार जागेत शिरली की तिचं पाणी होतं. झरोके उघडे ठेवा असं तिकडे वर्षानुवर्षं सांगत, आणि मग कळलं की दमट भागात त्यानंच लाकूड सडतंय. आपल्याकडे पुण्यात चार महिने पाऊस आणि मग बराच काळ कोरडी हवा. त्या कोरड्या हवेत जोतं सुकतं. म्हणून फळी लावायची आणि काढायची हे आजीचं वेळापत्रक इथल्या हवेला धरून होतं. इंटरनेटवर कुठल्यातरी देशातला उपाय बघून तो आपल्या घराला लावण्याआधी हवा कुठली आहे ते बघा.

तुमच्या घराखाली काय आहे?

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण फ्लॅटमध्ये राहतात, मला माहीत आहे. तुम्हाला वाटेल आपल्याला काय त्याचं. तर तुमच्या इमारतीखाली पार्किंग आहे, लिफ्टचा खड्डा आहे, जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, ड्रेनेजची चेंबर्स आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांना खालचा मजला पहिल्यांदा नीट दिसला. पावसाळ्याआधी एकदा खाली उतरा. पार्किंगमधलं पाणी उपसायचा पंप चालू होतो का बघा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय का हे लिफ्टवाल्याला विचारा, स्वतः उतरू नका. कॉलमच्या बुडाशी सिमेंट फुगून गंजलेली सळई दिसते का बघा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगाच्या शेडवर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटं याला द्या.

आणि जुन्या घरात राहत असाल तर एक साधी गोष्ट करा. लोणा जिथपर्यंत चढलाय तिथे पेन्सिलनं रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा बघा. रेघेच्या वर गेला असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा, लगेच सिमेंट लावू नका.

आमच्या माजघरात अशा दोन रेघा आहेत. पहिली जून महिन्यातली. दुसरी दसऱ्याच्या दिवसाची, ती चार बोटं खाली आहे. एका पावसाळ्यावरून फार काही ठरत नाही. इंजिनिअर बाई म्हणाल्या, भिंत पूर्ण सुकायला अजून काही वर्षं लागतील.

दसऱ्याला मी झरोक्यांच्या फळ्या काढल्या. आजी वरून पायरीपाशी खुर्ची टाकून बसली होती, सूचना देत. सगळं झाल्यावर म्हणाली, "बळदात थोडे गहू ठेवून बघू या का रे? पोतंभर." मी म्हटलं, "आजी, अजून ओल आहे, या वर्षी नको." ती म्हणाली, "बरं. मग पुढच्या वर्षी."

तर मंडळी, तुमच्या घराखाली, वाड्याखाली, सोसायटीखाली काय सापडलं ते मला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भुयार सापडलं तर आधी त्यात पाणी आहे का बघा. भेटू पुढच्या भागात.